चुकलेल्या प्रयोगातून पोचलेलं नाटक

नाटक बसवताना उडणारी तारांबळ हा विनोदी मालिकांचा हक्काचा विषय आहे. विक्षिप्त दिग्दर्शक, भूमिकेशी न जुळणारे हौशी नट आणि ऐन प्रयोगातला घोळ एवढी सामग्री असली की हशा ठरलेला. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र-मालिकेचा १ ऑक्टोबर १९९२ रोजी दाखवला गेलेला ‘अ स्ट्रीटकार नेम्ड मार्ज’ हा भाग वरवर याच साच्यातला आहे. पण एका शोकांतिकेचं गाभ्याचं दुःख नेमकं कुणाला कळतं, हा प्रश्न तो गंभीरपणे विचारतो.

या भागाला आधार आहे टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’चा. एलिया कझानच्या दिग्दर्शनाखाली १९४७ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणलं. सर्वस्व गमावलेली ब्लान्च न्यू ऑर्लिन्समध्ये धाकट्या बहिणीकडे आश्रयाला येते. बहिणीचा रांगडा नवरा स्टॅन्ली तिचा एकेक आधार काढून घेतो आणि अखेरीस तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते.

मालिकेचे लेखक जेफ मार्टिन यांना मूळ नाटकातले उतारे वापरायचे होते, पण हक्क मिळाले नाहीत. नाटकावर बेतलेली नवी गाणी लिहायला मात्र वकिलांची हरकत नव्हती. त्यामुळे स्प्रिंगफिल्ड गावातल्या हौशी मंडळींनी या शोकांतिकेचं चक्क संगीतक केलं. त्यात ब्लान्चला वेड लागण्याच्या प्रसंगी नायिका तारांना लटकून धुरातून उडते, भोवती प्रकाशझोत नाचतात. अनोळखी माणसांच्या दयेवर आपण नेहमीच विसंबून राहिलो, असं मूळ ब्लान्च घरातून नेली जाताना म्हणते. संगीतकात त्याचाच शेवटचा समूहस्वर होतो: परके लोक किती प्रेमळ असतात, असं सगळे हसतमुखाने गातात. लेवेलिन सिंक्लेअर हा दिग्दर्शक स्वतःला थोर समजतो, पण नाटकाचा अर्थ त्याच्या हातून पार उलटा झालेला असतो.

मूळ नाटक उरतं ते मार्जच्या घरात. दिवसभर तान्ह्या मुलीबरोबर घरी असणारी मार्ज चार माणसं भेटावीत म्हणून चाचणीला जाते. दिग्दर्शक तिला आधी नाकारतो. ती नवऱ्याला, होमरला, फोन करून निवड न झाल्याचं सांगते. पलीकडून तो येताना काय काय खायला आणायचं त्याची यादी सांगत बसतो. ती थकल्या आवाजात हो-हो म्हणते आणि तो आवाज कानी पडताच दिग्दर्शकाला आपली ब्लान्च सापडते.

तालमीत फुटकी बाटली घेऊन स्टॅन्लीवर धावून जायचं असतं. मार्जला ते जमत नाही. ब्लान्चने एवढं रागवावंच का, हे तिला कळत नाही. शिवाय स्टॅन्लीचं काम करणारा शेजारी नेड फ्लँडर्स अगदी सज्जन माणूस. तेवढ्यात तिला न्यायला आलेला होमर खाऊच्या यंत्राशी झटापट करतो, बाहेर भोंगा वाजवत राहतो. समोरच्या नेडच्या जागी तिला होमर दिसू लागतो आणि बाटली खरोखरच रोखली जाते. एवढी वर्षं गिळलेला राग तिला भूमिकेच्या आडून प्रथमच दिसतो.

प्रयोगानंतर होमर खाली मान घालून बसलेला असतो. हा कंटाळला, असं समजून मार्ज संतापते. पण तो खिन्न झालेला असतो. त्या बाईला फक्त थोडा मान हवा होता आणि त्या दांडगटाने तेवढाही दिला नाही, असं काहीसं तो बोलतो. आपल्याला असल्या गोष्टी कळत नाहीत, अशी पुस्तीही जोडतो. मग त्याच्या लक्षात येतं, तो दांडगट आपल्यासारखाच आहे. दिग्दर्शकाला न दिसलेलं नाटक त्याला दिसलं, कारण तारा, धूर आणि गाण्यांच्या मागे त्याला आपली बायको दिसत होती.

मालिकेबाहेर मात्र उलट घडलं. संगीतकाच्या आरंभीच्या गाण्यात न्यू ऑर्लिन्स शहराची यथेच्छ निंदा होती. ‘स्वीनी टॉड’ या संगीतकाच्या सुरुवातीचं ते विडंबन. टिंगल होती ती असली गाणी रचणाऱ्यांची. पण प्रक्षेपणापूर्वीच तिथल्या वृत्तपत्रात गाण्याचे शब्द संदर्भाविना छापून आले आणि शहर दुखावलं. पुढच्याच आठवड्यात, ८ ऑक्टोबरच्या भागात, बार्ट फळ्यावर न्यू ऑर्लिन्सची बदनामी न करण्याची कबुली पुन्हा पुन्हा लिहिताना दिसला. सुटे शब्द वाचणाऱ्यांना त्यातली थट्टा दिसली नाही. विद्रूप झालेला का होईना, पण पूर्ण प्रयोग बघणाऱ्या होमरला त्यातली व्यथा कळली.

त्या कळण्याने घरात काय बदललं? विनोदी मालिकेचा नियम असा की दर आठवड्याला घडी पुन्हा पूर्ववत व्हायची. विल्यम्सच्या ब्लान्चला परतीची वाट नाही. होमरला दर आठवड्याला नवी संधी मिळते आणि ती तो बहुधा वाया घालवतो. तरी त्या रात्री नवराबायको एकत्र घरी जातात आणि निघताना मार्ज त्याला सांगते की नाटक तुला अगदी बरोबर कळलं.