अंगदुखी, आहार आणि पथ्य



शाळेच्या स्मृति-व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास किंवा शिक्षण यांवर बोलण्याची प्रथा आहे. यंदाचे पुष्प गुंफताना मी एका दुखण्याचा विषय निवडला आहे. हे दुखणे दिसत नाही, तपासणीत सापडत नाही आणि म्हणून पुष्कळदा त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. आधुनिक वैद्यकाने त्याला 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव दिले आहे. त्याचा आहाराशी काय संबंध आहे, एवढाच आजचा मर्यादित प्रश्न आहे. तथापि या मर्यादित प्रश्नाच्या उत्तरावर अनेक घरांतील स्त्रियांचे ताट अवलंबून आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

व्याधीचे स्वरूप

महिनोन्‌महिने सर्वांगाला ठणका, झोपेतून उठल्यावरही न जाणारा थकवा, लहानसहान गोष्टींचा विसर आणि उथळ झोप ही या व्याधीची प्रमुख लक्षणे होत. पोट फुगणे, शौचाची अनियमितता व डोकेदुखी हीही वारंवार सोबत असतात. १९०४ साली सर विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने अशा दुखण्यांना 'फायब्रोसायटिस' म्हटले. त्या नावात स्नायूंना सूज असल्याचा अर्थ होता. परंतु तशी सूज पुढे आढळली नाही. १९७६ मध्ये 'फायब्रोमायाल्जिया' हे नाव पुढे आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरविले. किमान तीन महिने सर्वदूर वेदना आणि शरीरावरील अठरा ठरावीक बिंदूंपैकी अकरा दाबल्यास दुखणे, असे ते निकष होते. २०१० मध्ये बिंदूंची मोजणी मागे पडून थकवा, झोप व स्मरण यांनाही निदानात स्थान मिळाले. ही व्याधी पुरुषांनाही होते. स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते.

सूज नाही, सांधा झिजलेला नाही, मग दुखते काय? सुरत परिसरातील श्रोत्यांना हे यंत्रमागाच्या दाखल्याने चटकन कळेल. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी योजना यंत्रमागात असते. ही योजनाच बिघडून वाजवीपेक्षा हळवी झाली, तर धागा शाबूत असतानाही माग पुनःपुन्हा थांबेल. मग कापडात कितीही दोष शोधला तरी तो सापडणार नाही. पण माग थांबतो आहे, हे मात्र खोटे नव्हे. फायब्रोमायाल्जियात मेंदू व मज्जारज्जू यांतील वेदनेची यंत्रणा अशीच हळवी झालेली असते. सामान्य स्पर्श, थंडी, श्रम यांनाही ती वेदना म्हणून नोंदविते. रुग्ण नाटक करीत नाही. तिची वेदना तिच्यापुरती नव्हे, शास्त्रदृष्ट्याही खरी आहे.

अंगदुखी आपल्याकडे किती व्यापक आहे, याचा एक चांगला दाखला महाराष्ट्रातच मिळतो. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली. त्यांत सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे दुखणे होते. ज्याला आपण आमवात म्हणतो तो मात्र त्यांपैकी फार थोड्यांना, म्हणजे पाहणीतील साधारण अर्धा टक्का लोकांना होता. याचा अर्थ असा की, दुखणारे पुष्कळ असतात आणि त्या दुखण्यांची कारणे निरनिराळी असतात. सर्वांना एकच 'वात' म्हणून एकच पथ्य सांगणे येथेच चुकते.

रूढ पथ्य आणि त्याची किंमत

अंग दुखते म्हटल्याबरोबर घरातली वडीलधारी मंडळी सांगू लागतात : आंबट खाऊ नकोस, दही-ताक बंद कर, हरभऱ्याची डाळ, वाटाणे, वांगे, बटाटा वातूळ आहेत, ते सोड. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. परंतु या यादीचा हिशेब मांडून पाहू. आंबट गेले की लिंबू गेले आणि लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जाण्यास जी मदत होते, तीही गेली. दही-ताक गेले की शाकाहारी घरातला ब-१२ जीवनसत्त्वाचा एक मोठा आधार गेला. डाळी व कडधान्ये गेली की प्रथिने गेली. उरले काय? चहा, पोळी आणि भात. आणि ज्या घरात सर्वांची जेवणे झाल्यावर बाई जेवावयास बसते, तेथे तिच्या ताटात आधीच काय उरलेले असते, हे आपण जाणतो.

आंबट खाल्ल्याने फायब्रोमायाल्जिया वाढतो, असे दाखविणारा भक्कम पुरावा नाही. मात्र पोषणाची उणीव थकवा व अंगदुखी वाढविते, याला पुरावा आहे. म्हणजे दुखण्यावर उपाय म्हणून सांगितलेले पथ्यच दुखण्यात भर घालू शकते. आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

तीन उणिवा

फायब्रोमायाल्जियासारखीच दिसणारी किंवा असलेल्या फायब्रोमायाल्जियाला बळ देणारी तीन कारणे आपल्या समाजात विपुल आहेत.

पहिले रक्तक्षयाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण देशात ५७ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के आणि गुजरातेत ६५ टक्के आढळले. ज्या स्त्रीचे रक्त कमी आहे, तिला दम लागणे, थकवा येणे, पाय ओढणे हे स्वाभाविकच आहे. तिच्या थकव्याला दुसरे कोणतेही नाव देण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहावयास हवे.

दुसरे ब-१२ जीवनसत्त्वाचे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील, झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून ४४१ पुरुष होते. त्यांपैकी ६७ टक्के लोकांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. शाकाहारींमध्ये हा धोका अधिक होता. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या येतात, आग होते, विसर पडतो. उणीव मोठी असेल तर केवळ आहाराने ती भरून निघत नाही. वैद्यांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात.

तिसरे 'ड' जीवनसत्त्वाचे. हे मुख्यतः उन्हाने त्वचेत तयार होते. आपल्याकडे ऊन उदंड, पण ते अंगावर पडते कोणाच्या? मागावर बारा तासांची पाळी करणारा कारागीर किंवा खोलीत बसून साड्यांना खडे-टिकल्या लावणारी, धागे कापणारी गृहिणी यांना दिवसचे दिवस ऊन लागत नाही. या जीवनसत्त्वाची उणीव फार झाली की हाडे मऊ पडतात. कंबर, मांड्या व बरगड्या दुखतात. उकिडवे बसून उठणे, जिना चढणे जड जाते. हे दुखणे फायब्रोमायाल्जिया नव्हे आणि औषधाने ते बरे होते. २०१४ साली व्हिएन्ना येथे फायब्रोमायाल्जिया असलेल्या व 'ड' जीवनसत्त्व कमी असलेल्या ३० स्त्रियांवर प्रयोग झाला. जीवनसत्त्व मिळालेल्या गटात वेदना कमी झाली. प्रयोग लहान होता. म्हणून त्यावरून सर्वांनी मनाने मोठ्या मात्रेची औषधे घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला अपाय होतो.

या तिन्हींबरोबर थायरॉइडची तपासणीही आवश्यक होय. सांध्यांवर दिसणारी सूज, सकाळी तासाहून अधिक राहणारा ताठरपणा, ताप किंवा कारणावाचून घटणारे वजन असेल, तर विलंब न करता वैद्यांकडे जावे. ती लक्षणे वेगळ्या व्याधीची असू शकतात.

खुद्द आहाराचे प्रयोग

उणिवा भरून काढल्या, तरी फायब्रोमायाल्जिया उरलाच तर आहार काय करू शकतो? या प्रश्नावर जगात प्रयोग झाले आहेत. फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही रुग्णांनी तीन महिने कच्च्या, कमी मिठाच्या, दूधही वर्ज्य असलेल्या शाकाहारावर राहून पाहिले. त्यांची वेदना व झोप सुधारली. परंतु कोण कोणत्या गटात आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि वजनही घटले होते. तेव्हा गुण नेमका कशाचा, हे सांगता येत नाही. इजिप्तमध्ये २०१२ साली स्थूल रुग्णांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. वजन कमी केलेल्यांची झोप व एकूण स्थिती इतरांहून चांगली राहिली. ज्याचे वजन जास्त आहे त्याला या मार्गाने लाभ संभवतो. जी बाई आधीच कृश आहे तिला उपाशी ठेवण्याचा हा आधार नव्हे.

'आजिनोमोटो' या नावाने परिचित असलेल्या चवीच्या पुडीविषयीही संशोधन झाले. २०१२ च्या एका अमेरिकन प्रयोगात ती वगळल्याने पुष्कळांना बरे वाटले आणि पुन्हा दिल्यावर लक्षणे परतली. २०१४ च्या स्पेनमधील प्रयोगात मात्र वगळूनही फरक पडला नाही. शास्त्रात असे घडते. म्हणून एका प्रयोगाच्या बातमीवर स्वयंपाकघर बदलू नये.

पोट फुगण्याचा त्रास असलेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, दूध यांतील काही शर्करा आतड्यात आंबतात व वायू धरतात. अशा पदार्थांना काही आठवडे विश्रांती दिल्याने पोटाचे दुखणे कमी झाल्याचे अनुभव आहेत. येथे एका गोष्टीची नोंद करावीशी वाटते. 'वातूळ' म्हणून आजीने ज्यांकडे बोट दाखविले, त्यांतील हरभऱ्यासारखे पदार्थ या यादीतही आहेत. आजीचे निरीक्षण पोटापुरते खरे होते; ते सर्वांगाच्या वेदनेला कायमचे लावणे खरे नव्हे. अशी विश्रांती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोड्या काळापुरती असावी. नंतर एकेक पदार्थ ताटात परत यावयास हवा. खानदेशातून तापी रेल्वेमार्गाने येऊन चलथाण, उधना, लिंबायत येथे स्थिरावलेल्या घरांतून कायमचा कांदा-लसूण आणि कळण्याची भाकरी काढून घेणे हा उपचार नव्हे, शिक्षा होय.

चहा आणि झोप

आहाराचा एक परिणाम झोपेच्या वाटेने होतो. १९७५ साली टोरांटो येथे हार्वी मोल्डोफ्स्की व सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांची गाढ झोप रात्रभर मोडून पाहिली. त्यांनाही अंगदुखी व थकवा जाणवू लागला. झोप व वेदना यांचे नाते किती जवळचे आहे, हे त्यावरून कळते. चहातील कॅफिन निम्मे उतरावयास साधारण पाच तास लागतात. पाळीवर जागे राहण्यासाठी घेतलेला चौथा-पाचवा कप पाळी संपल्यावरची झोप पातळ करतो. शिवाय जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातील लोह शोषू देत नाही. चहा सोडा, असे म्हणणे येथे कोणी ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा आणि झोपेआधी सहा तास चहा नको, एवढे पाळता येण्यासारखे आहे.

पथ्याचा खरा अर्थ

'पथ्य' हा शब्द 'पथ' या शब्दापासून आला आहे. वाटचालीस अनुकूल ते पथ्य. आपण त्याचा अर्थ केवळ 'वर्ज्य' असा करून टाकला. या व्याधीत ताटातून काय काढावे, याआधी ताटात काय घालावे, हा प्रश्न विचारावयास हवा. ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट वरण, पालेभाजीवर लिंबू, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, नागली, खाणाऱ्यांना अंडे वा मासळी हे आपल्याच घरचे अन्न आहे. ते वेदनेचे औषध आहे, असा दावा मी करणार नाही. कोणताही आहार फायब्रोमायाल्जिया समूळ बरा करतो, असे आज सिद्ध झालेले नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत निःशंकपणे पुरस्कारलेला उपाय एकच आहे. तो म्हणजे हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम. परंतु रिकाम्या शरीराने व्यायाम होत नाही. आहाराचे काम त्या चालण्याला बळ देण्याचे आहे.

ज्यांना एखादा पदार्थ बाधतो अशी शंका असेल, त्यांनी शाळेत शिकलेली प्रयोगवही पुन्हा हाती घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. तो चार आठवडे पाळावा. रोज वेदना, झोप व थकवा यांना शून्य ते दहा असे गुण द्यावेत. नंतर तो पदार्थ पुन्हा खाऊन पाहावा. फरक दिसला तर तो पदार्थ तिच्यापुरता टाळावा. न दिसला तर निर्धास्तपणे खावा. पाच पदार्थ एकदम सोडल्यास कशाने बरे वाटले, हे कधीच कळत नाही आणि पाचही कायमचे सुटतात.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आज कुटुंबप्रमुख आहेत. आपल्या घरात कोणी "सगळे अंग दुखते" म्हणत असेल, तर तिला प्रथम खरे माना. तिची तपासणी करून घ्या. आणि ती जेवते केव्हा व तिच्या वाट्याला काय येते, हे एकदा शेजारी बसून पाहा. तिच्या ताटातून काही काढून घेण्याचा सल्ला त्यानंतर द्यावा. कदाचित तो देण्याची गरजच उरणार नाही.