कुत्र्याच्या गळ्यांतील विजेचा पट्टा

गेल्या पावसाळ्यांत माझ्या पुतण्यानें आपल्या मोती नांवाच्या कुत्र्यासाठीं एक पट्टा मागविला. दिसावयास साधाच, परंतु त्यास एक डबी जोडलेली, आणि तिच्या आंतल्या अंगास धातूच्या दोन बोथट खुंट्या. त्या कातडीस टेकल्या पाहिजेत, म्हणून पट्टा किंचित् आवळून बांधावा लागतो. धन्याच्या हातांत दुसरी डबी असते. तिची कळ दाबली कीं बिनतारी संदेश पट्ट्याकडे जातो, व खुंट्यांमधील कातडींतून क्षणभर विजेचा झटका बसतो. झटका कमीजास्त करतां येतो. पुष्कळ पट्ट्यांत नुसत्या शिटीची किंवा थरथरीचीहि सोय असते. हें यंत्र अमेरिकेंत १९६० ते १९७० या दशकाच्या उत्तरार्धांत, दूरवर धांवणाऱ्या शिकारी कुत्र्यांकरितां निघालें.

यांतील अडचण पट्ट्यांत नाहीं, कुत्र्याच्या मनांत आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनीं दाखवून दिलें कीं, एखादा ध्वनि ऐकवून लागलीच अन्न देत गेलें, म्हणजे पुढें नुसत्या ध्वनीनेंच कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. लागोपाठ घडणाऱ्या गोष्टींची गांठ त्याचें मन बांधून टाकतें. मग झटक्याची गांठ कशाशीं पडेल? आपण म्हणतों, भुंकण्याशीं. मोती फाटकापाशीं दूधवाल्यावर भुंकत होता. झटका बसला तेव्हां त्याची दृष्टि दूधवाल्यावर होती. आठ दिवसांत भुंकणें थांबलें आणि मोती न भुंकतां त्याच्या पोटरीवर धांवून गेला! धोतर फाटलें, एवढ्यावरच निभावलें.

पुतण्या म्हणाला, “काका, झटका वाढवूं का?”

नोकरीच्या आरंभीं छडी वापरलेल्या मनुष्यास हा प्रश्न विचारावा, यांतहि एक गंमत आहे. माझे विद्यार्थी छडीनें गणित शिकले नाहींत. माझ्या हाताकडे पाहावयास मात्र शिकले. “अरे, आधीं तो पट्टा काढ,” एवढेंच मीं सांगितलें.

पट्ट्याचे पुरस्कर्ते म्हणतात, मोटारीखालीं सांपडण्यापेक्षां झटका बरा. हें हसण्यावारी नेण्याजोगें नाहीं. परंतु इंग्लंडांतील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ६३ कुत्र्यांचे तीन गट केले होते. हांक मारल्यावर न येणें, अशाच खोडीचीं तीं कुत्रीं. बक्षिसावर भर देऊन शिकविलेला गट पट्टेवाल्या गटाहून अधिक आज्ञाधारक निघाला. वेल्समध्यें तर २०१० पासून या पट्ट्यांस कायद्यानें बंदी आहे.

आम्हीं मोतीस लांब दोरी बांधली. दूधवाला वळणावर दिसतांच, भुंकण्याच्या आधीं, भाकरीचा तुकडा. अंतर रोज थोडें कमी. पुढें दूधवालाच तुकडा टाकूं लागला; बिचारा मोठ्या मनाचा! यास सुमारें दीड महिना लागला, आणि दोन वेळां आम्ही मुळारंभास परत आलों.

पट्टा अजून कपाटांत आहे. सायकलची घंटा वाजली कीं मोती फाटकाशीं जाऊन शेपूट हलवीत बसतो. पोस्टमनवर मात्र अद्याप भुंकतो.