पाइप लिफ्टमध्ये मावत नाही

घरच्या बागेसाठी हरितगृह घ्यायला आलेला माणूस रंग विचारतो, उंची विचारतो, टोमॅटो किती दिवसांत लागतील तेही विचारतो. जिना केवढा आहे हे मात्र आपणहून कोणी सांगत नाही. जीआय पाइप येतो सहा मीटरचा, म्हणजे जवळपास वीस फुटी. नवी मुंबईतल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो उभाही राहत नाही आणि आडवाही जात नाही. जिन्याच्या वळणावर अडतो. बाहेरून दोर लावून ओढायचा म्हटलं तर खालच्या मजल्यांच्या काचा आणि खाली उभ्या केलेल्या गाड्या आड येतात. त्यामुळे माप घेऊन तुर्भ्याच्या शेडमध्ये परतलो की आधी जिन्याच्या वळणाचा आकडा बघतो आणि त्या हिशोबाने पाइप कापतो. वर नेऊन ते जोडायचे क्लॅम्प आणि नटबोल्टने. वेल्डिंगचं मशीन आम्ही गच्चीवर चढवतच नाही. वेल्डिंगच्या आचेने पाइपावरचा जस्ताचा थर जळतो, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत गंज बरोबर त्याच सांध्यात शिरतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, सगळीकडे खाडी हाकेच्या अंतरावर. स्वस्तात वेल्डिंग करून दिलेल्या सांगाड्याभोवती दोन पावसाळ्यांत तांबूस पाणी ओघळायला लागतं आणि मग आम्हाला फोन येतो.

हे काम मी मावळात शिकलो, तळेगावकडच्या गुलाबाच्या आणि जरबेराच्या पॉलिहाउसांवर. दोनशे मायक्रॉनची यूव्ही फिल्म, कडेचे गुंडाळता येणारे पडदे, माथ्यावर सलग उघडी झडप. तिथला सुपरवायझर सकाळी आल्या आल्या पडदे वर करायचा, आणि मार्च उलटला की फिल्मवर चुन्याचं पाणी मारून घ्यायचा. सगळी धडपड आतली गरमी बाहेर काढायची. डोंगरावरच्या मावळात ही गत, तर खाडीकाठच्या दमट हवेत काय होत असेल? तरी घरगुती गिऱ्हाईक येतं ते थंड देशांतले फोटो घेऊन. बर्फ पडलाय, काचेच्या खोलीत पिवळा दिवा आहे, आत टोमॅटो लगडलेत. त्या लोकांना ऊब साठवायची असते. नवी मुंबईत हिवाळ्यातसुद्धा झाडाला पांघरुणाची गरज पडत नाही. इथलं हरितगृह म्हणजे झाडांची छत्री. एप्रिल-मेचं ऊन अर्धं अडवायचं, जून ते सप्टेंबर पावसाचा मार अडवायचा, आणि वारा मात्र एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून गेला पाहिजे.

खारघरच्या एका तरुण जोडप्याने तयार किट मागवलं होतं. बारीक नळ्या, वर पारदर्शक प्लास्टिकची खोळ, दाराला चेन. फेब्रुवारीत उभं केलं आणि तुळस, चेरी टोमॅटो, लेट्यूस लावलं. मार्चअखेरीस त्यांनी मला बोलावलं तेव्हा लेट्यूस शिजल्यासारखं झालं होतं. माथ्याला एकही झडप नव्हती. गरम हवा वर चढते, तिथेच कोंडते आणि कुंड्यांतल्या पाण्याची वाफ तिच्यात मिसळते. मी खोळ काढून टाकायला सांगितली. वर पांढरी पन्नास टक्क्यांची नेट, कडेने किडे अडवणारी बारीक जाळी, आणि फिल्म फक्त पावसाळ्यात, तीही फक्त छपरावर.

“म्हणजे घर उघडंच ठेवायचं? मग पैसे कसले?” त्यांनी विचारलं.

“सावलीचे आणि वाऱ्याचे,” मी म्हटलं. आजही मी हेच उत्तर देतो.

नेटच्या टक्क्यांवरून होणारा घोळ तर रोजचा. पन्नास टक्के म्हणजे निम्मा उजेड अडतो, पंचाहत्तर म्हणजे पाऊणहिस्सा. दुकानात माणूस पंचाहत्तरच उचलतो, जास्त टक्के म्हणजे जास्त चांगली असं वाटतं म्हणून. आणि रंग हिरवा, झाडांची वस्तू म्हणून. खरं तर हिरवी नेट झाडापर्यंत हिरवा उजेड पोचवते, आणि पान लाल-निळा उजेड जास्त वापरतं. पांढरी किंवा काळी नेट उजेड कमी करते, पण त्याचे रंग बदलत नाही.

बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमधल्या एका निवृत्त बाईंच्या घरी हे डोळ्यांनी पाहिलं. ही वसाहत चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखली. लहान चौकाभोवती सात-सात घरं, कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही, आणि प्रत्येकाला आपापलं मोकळं अंगण. 1970 साली सिडको स्थापन झाली तेव्हा या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार कोरियाच होते, आणि घराला आभाळाखालची जागा हवीच यावर त्यांचा भर होता. घरच्या बागेला हरितगृह जोडायला नवी मुंबईत याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. बाईंच्या मनात मात्र बंगळुरूच्या लालबागेतलं काचघर होतं. 1889 सालचं ते, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून घेतलेलं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, आणि तिथलं छत आहे भल्यामोठ्या उंचीचं. अंगणातल्या आठ फुटी काचेखाली त्यांच्या डेंड्रोबियम ऑर्किडची काय दशा होईल, ते मी त्यांना बाजूच्या बंद मोटारीत हात घालायला लावून दाखवलं. त्यांच्याकडे आधीच कोणीतरी पंचाहत्तरची हिरवी नेट ताणून दिली होती. पानं गर्द, लांब, मऊ. फुलाचा पत्ता नाही. बाई पानांकडे बघून खूश होत्या. मला ती पानं उजेडासाठी हात पसरताना दिसत होती. नेट बदलून पन्नासची पांढरी लावली, आणि पुढच्या हंगामात दांडे फुटले.

गच्चीवरचं काम वेगळं. तिथे पहिला सामना झाडांशी नसतो, सोसायटीच्या कमिटीशी असतो. सानपाड्याच्या एका चेअरमनसाहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, “गळती झाली तर जबाबदार कोण?” प्रश्न अगदी रास्त आहे. गच्ची सगळ्यांची असते आणि पाणी ठिबकतं एकाच्या बेडरूममध्ये. गच्चीवरच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, तोच पाणी अडवतो. त्यात एक ड्रिल मारलं की पाण्याला वाट मिळाली, आणि ते पाणी भलतीकडेच कुठेतरी खाली उतरतं. म्हणून आम्ही स्लॅबला भोक पाडत नाही. काँक्रीटचे ठोकळे ओततो, त्यांत पाइपाचा पाय बसवतो, खाली रबराचा तुकडा ठेवतो आणि ठोकळे बीमच्या रेषेवर मांडतो. पत्र्याचं कायमचं छत कोणी मागितलं तर महापालिकेच्या परवानगीची गोष्ट आधी काढतो. कमिटीची लेखी संमती हातात आल्याशिवाय पाइप कापायला घेत नाही.

वजनाचा हिशोब मी कागदावर मांडूनच देतो. माणसांची ये-जा असणाऱ्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर त्याच चौरस मीटरवर पाचशे किलोपर्यंत जातो. त्या चेअरमनसाहेबांनी हे दोन आकडे पाहिले आणि स्वतःच म्हणाले, “वाफे नकोत, कुंड्याच ठेवा.” कुंड्याही कोकोपीट मिसळून भरलेल्या, आणि जड पिंपं भिंतीच्या कडेला.

याच गच्च्यांवर 2021 च्या मे महिन्यात आमची खरी परीक्षा झाली. आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं होतं, ती आठवण ताजी होती. तौक्ते वादळ येतंय म्हटल्यावर आदल्या दिवशी सकाळपासून फोन लावत बसलो. सांगणं एकच: फिल्म उतरवा, नेट उतरवा, सांगाडा उघडा ठेवा. फिल्म धरून ठेवते ती खाचेतली नागमोडी तार, आमच्या भाषेत झिगझॅग. पक्कड घेऊन एक टोक उचललं की सगळी तार सरसर निघते, दहा मिनिटांत छप्पर मोकळं होतं. खारघरच्या त्या जोडप्याने घरातल्या पकडीने ते स्वतः केलं. कापड गुंडाळून कठड्याच्या आतल्या बाजूला बांधून ठेवलं.

नेरूळच्या एका काकांचा जीव मात्र टोमॅटोत अडकला होता. “चार दिवसांत तोडणीला येतील, आता कुठे उघडं करू?” मला त्यांचं मन समजत होतं, पण आकडा मन बघत नाही. 17 मे रोजी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरवर पोचला. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साठ किलोच्या घरात भरतो. दहा बाय दहा फुटांच्या ताणलेल्या कापडावर तो साडेपाचशे किलो झाला. कोपऱ्यांवरचे आमचे चार ठोकळे एवढा जोर धरायला केलेलेच नसतात, कारण तेवढं वजन स्लॅबवर ठेवायचं नाही असं आधीच ठरलेलं असतं. वारा कापडाला उचलतो, कापड पाइपाला आणि पाइप ठोकळ्याला. काकांचे दोन पाइप वाकले, सांगाडा कठड्याला जाऊन टेकला. खाली काही पडलं नाही आणि कोणाला लागलं नाही, हे महत्त्वाचं. खारघरचा उघडा सांगाडा जागचा हललाही नव्हता. तेव्हापासून काम संपवून निघताना बिलाबरोबर एक पक्कडही देतो आणि झिगझॅग काढायला घरातल्या दोघांना तरी शिकवूनच खाली उतरतो.

पाऊस वाऱ्याइतका अचानक काही करत नाही, पण तो सोडतही नाही. छप्पर सपाट असलं, फिल्म सैल असली की पोटात पाणी साचतं. दहा बाय दहाच्या छपरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे नव्वद किलोंहून जास्त. फिल्म अजून खाली झोळते, आणखी पाणी धरते. उतार चांगला ठेवला आणि फिल्म नीट ताणली, तर हाच पाऊस पन्हळीतून पिंपात जातो. कुंड्यांसाठी नळाच्या पाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पावसाळी फिल्मचा सगळ्यात मोठा फायदा पालेभाजीला होतो. जुलैत कोथिंबीर शेतातच सडते आणि वाशीच्या बाजारात जुडीचा भाव चढतो. कोपरखैरण्याच्या एका रो-हाउसमधल्या ताई त्याच दिवसांत फिल्मखाली कोथिंबीर आणि मेथी काढतात. रोपाच्या मुळाशी पाण्याचा मारा नाही, पानांवर चिखल नाही, आणि कडा उघड्या असल्यामुळे बुरशीही कमी. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पनवेलच्या बहिणीसाठी दुसरं छप्पर सांगितलं. सहाव्या मजल्यावरची गच्ची, लिफ्ट चार माणसांची. मी जिन्याच्या वळणाचं माप मागितलं, तर ताईंनी ते आधीच घेऊन ठेवलं होतं: साडेसात फूट.