कामगाराची लेक आणि इंजिनिअरिंग

सदाशिव पेठेत दारोदारी 'मुलींसाठी कॉट मिळेल' अशा पाट्या दिसतात. हातात पिशवी धरून त्या वाचीत फिरणारे बाप आम्ही कामगार चळवळीतल्या माणसांनी पुष्कळ पाहिले आहेत. लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो. असा बाप लेकीला नेमके काय देतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, पैसा. पैसा लागतोच, पण त्याआधी शब्द टाकणारा माणूस लागतो. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ साली ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलेले, पदरी तान्ही मुलगी. वडील पप्पू सुब्बाराव त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे रदबदली केली, तेव्हा दार उघडले.

आमच्या फिटरला कोणता प्राचार्य ओळखणार? त्याला संस्थेचा आणि सरकारी नियमाचाच आधार. महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९९१ साली कर्वेनगरात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी आणि परीक्षा-फी पूर्ण माफ केली. फी सुटली, खोलीभाडे, खानावळ, संगणक बापाकडे राहिले. त्यासाठी तो ओव्हरटाइम करतो, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतो. शिवाय "लग्नाचा पैसा शिक्षणात घातलास!" हे भावकीचे बोल मुकाट ऐकतो. ही त्याची सर्वात मोठी वर्गणी. तिची पावती कोणी फाडीत नाही.

आता आमची चूक. वर्षानुवर्षे आम्ही कराराच्या मसुद्यात 'कामगाराच्या मुलास नोकरीत प्राधान्य' असे लिहीत आलो. एका सभेत मागच्या बाकावरून एक टर्नर उठला आणि म्हणाला, "अण्णा, यात माझी पोरगी कुठं बसते?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या मसुद्यात 'वा मुलीस' हे दोन शब्द घातले. ते मान्य व्हायला दोन करार जावे लागले. मालकाला दोष देण्यापूर्वी आम्ही स्वतःला विचारले: आधी मागितले होते कुठे?

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांची घरे याच पेठेत आहेत. जिन्यावर असा बाप येऊन उभा राहिला, तर आधी त्याला पाणी द्या. डिपॉझिटचे मग बोला.