सोळा चेंडूंची पारख

पूलचे टेबल घेताना माणूस लाकूड ठोकून पाहतो, पृष्ठभाग समतल आहे का ते पाहतो, वरची बनात हाताने चाचपतो. चेंडू मात्र दुकानदार देईल ते उचलतो. खरे तर सगळा खेळ त्या सोळा चेंडूंचा.

माझ्या भाच्याने जालन्यात कर्ज काढून पूलचा हॉल टाकायचे ठरवले, तेव्हा नमुन्याला आणलेले दोन संच माझ्यापुढे ठेवले. एक स्वस्त, दुसरा त्याच्या कितीतरी पट महाग. “मामू, तुम्ही शब्द तोलता, आता हे तोला,” म्हणाला. चकाकी दोन्हींना सारखीच होती.

स्वस्त संच बहुधा पॉलिएस्टरचे असतात, चांगले फिनॉलिक रेझिनचे. हे रेझिन लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटच्या कुळातले. त्याआधी उत्तम चेंडू म्हणजे हस्तिदंताचा. एका सुळ्यातून मोजकेच चेंडू निघत आणि त्यासाठी हत्ती मारले जात. १८६० च्या दशकात एका अमेरिकी कंपनीने पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले. त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायट यांचे सेल्युलॉइड आले. ज्यावर पुढे सिनेमा उतरला, त्या पदार्थाची हकीकत अशी चेंडूपाशी जाते!

आम्ही सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानी काटा मागितला. पूलच्या चेंडूचे वजन १५६ ते १७० ग्रॅम असावे, असा नियम आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सोळाही चेंडू एकमेकांच्या जोडीचे हवेत. स्वस्त संचातला पांढरा चेंडू इतरांहून पाच ग्रॅमने हलका निघाला. पाच ग्रॅमने काय होते? सारख्या वजनाच्या चेंडूवर पांढरा जवळून, सरळ, मधोमध मारला तर तो जागीच थबकतो. हलका असेल तर मागे येतो, जड असेल तर पुढे सरकतो. खेळणारा पोरगा आपला हात चुकला समजतो, आणि चार दिवसांनी दुसरीकडे खेळायला जातो. कर्जाचा हप्ता मात्र कुठे जात नाही.

मग औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून व्हर्नियर आणला. व्यास ५७.१५ मिलिमीटर हवा. फरक चालतो तो ०.१२७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसाच्या जाडीचा. प्रत्येक चेंडू तीन-चार बाजूंनी मोजावा. लहान टेबलांसाठी दोन इंची संचही मिळतात, म्हणून आधी आपल्या टेबलाचे माप पाहावे. पट्ट्यावरून आणि आकड्यावरून नख फिरवावे. नख अडले तर रंग वरवरचा आहे, तो झिजणार.

बेल्जियमच्या सालुक कंपनीचे ‘अरॅमिथ’ चेंडू जगभर नावाजलेले. त्यामुळे त्यांची नक्कलही होते. केवळ खोक्यावरच्या नावावर जाऊ नये, पक्की पावती घ्यावी.

आणखी एक विचारून घ्यावे: पांढरा चेंडू सुटा मिळेल का? प्रत्येक फटका तोच खातो, त्यामुळे आधी तोच झिजतो. भाच्याने फिनॉलिकचा संच घेतला आणि त्याच मापाचा एक जादा पांढराही. पैसे तिथेच संपले. दुसरे टेबल आता ईदनंतर.