प्रवर्तन-तुला आणि धातुशोधनाची मर्यादा

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना २ जुलै १८८१ रोजी पाठीत गोळी लागली. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षे अवकाश होता, आणि शरीरात रुतलेली गोळी कोठे आहे हे वैद्यांस उमजत नव्हते. तेव्हा २६ जुलै व १ ऑगस्ट या दिवशी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी रुग्णशय्येपाशी जे उपकरण वापरले, ते आजच्या धातुशोधकाचे पूर्वरूप होय. प्रयोग फसला, पण तो का फसला याची मीमांसा आजही उद्बोधक आहे.

बेल यांची रचना डेव्हिड ह्यूज यांच्या १८७९ मधील प्रवर्तन-तुलेवर आधारलेली होती. तारेची दोन सपाट वेटोळी एकमेकांवर अंशतः सरकवून अशी ठेवावयाची की, पहिल्यातील बदलत्या प्रवाहाचा चुंबकीय स्रोत दुसऱ्यातून जेवढा एका दिशेने जातो तेवढाच उलट दिशेनेही जावा. मग दुसऱ्या वेटोळ्यात विद्युत्-चालक प्रेरणा उरत नाही व त्याला जोडलेला दूरध्वनी मुका राहतो. जवळ धातू आला की फॅरडे यांच्या नियमानुसार त्यात आवर्त प्रवाह उद्भवतात; त्यांचे क्षेत्र हा तोल बिघडविते आणि दूरध्वनीत आवाज उमटतो. तोल ढळला एवढेच त्यावरून कळते. तो कोणी ढळविला, हे नव्हे.

गारफील्ड यांच्या गादीत पोलादी तारा होत्या, आणि अपयशाचे खापर सामान्यतः त्यांच्यावरच फोडले जाते. हे पूर्णतः न्याय्य वाटत नाही. वेटोळ्याच्या त्रिज्येच्या मानाने अंतर मोठे असता त्याचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते. धातूतील प्रवाहांचे क्षेत्रही परत येताना तसेच क्षीण होते. म्हणजे संकेत अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात राहतो. अंतर दुप्पट झाले की तो चौसष्टांश उरतो. त्यातच गोळी शिशाची, आणि शिशाची रोधकता तांब्याच्या सुमारे तेरा पट. शिवाय वैद्यांच्या तर्कास अनुसरून शोध घेतला गेला तो शरीराच्या उजव्या बाजूस. १९ सप्टेंबरला गारफील्ड मरण पावले. शवविच्छेदनात गोळी कण्याच्या डावीकडे, खोलवर सापडली. शय्या निव्वळ लाकडाची असती तरी तुला बोलली असती, असे मानणे कठीण आहे.

पुढे संकेताच्या तीव्रतेबरोबर त्याची कलाही मोजली जाऊ लागली. लोखंडाचे चुंबकन मूळ क्षेत्राशी जवळजवळ समकलेत असते. आवर्त प्रवाहांचा परिणाम कलेने वेगळा पडतो, आणि किती वेगळा हे वस्तूचे प्रेरकत्व व रोध यांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहते. म्हणून चांदीचे नाणे व लोखंडी खिळा यांत भेद करता येतो. भूसुरुंग हुडकताना मात्र हा विवेक फारसा कामी येत नाही. काही सुरुंगांत धातूचा अंश एखाद्या ग्रॅमाइतकाच असतो, आणि खिळा समजून तो सोडून देण्याची जोखीम कोणी पत्करू शकत नाही. प्रत्येक संकेताची जागा उकरून पाहावी लागते. सहाव्या घातावर तर कलेचाही इलाज नाही: वेटोळे मोठे करावे तर खोलवरचे मोठे लोखंड सापडते, पण वरच्या थरातील बारीक पिन हातची निसटते.