कूलर जूनमध्ये का हरतो?

जवाहरनगर ही भंडारा जिल्ह्यातील आयुध निर्माणीची वसाहत. तेथील एका शिक्षिकेने मला विचारले, "मे महिन्यात पारा ४५ वर असतो, तरी कूलर लावला की खोलीत बसवते. जूनच्या अखेरीस शाळा उघडते तेव्हा पारा ३८ वर उतरलेला असतो. कूलर तोच, ताट्या नव्या, पाणीही भरपूर. मग मुले घामाने निथळतात आणि पेंगतात, ती का?"

प्रश्न वर्गातला आहे, पण वाढत्या उष्म्याशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक शहराने तो स्वतःला विचारायला हवा.

पाणी उष्णता घेऊन जाते

कूलरमध्ये थंडावा 'तयार' होत नाही. ओल्या ताट्यांमधून हवा ओढली जाते आणि ताट्यांतील पाण्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच घेते, म्हणून हवा थंड होते. माठातील पाणी याच कारणाने गार होते.

पण हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर? मग बाष्पीभवन मंदावते. हवा बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, हे मोजण्याची सोपी रीत आहे. तापमापीच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा घातला, की पारा उतरतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो. हे 'ओल्या फुग्याचे तापमान'. कोणताही कूलर याच्याखाली जाऊ शकत नाही.

आता हिशेब करू. हवा ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २४ अंश येते. हवा ३८ अंश आणि आर्द्रता ५५ टक्के असेल, तर ते सुमारे ३० अंश येते. चांगला कूलर यांतील फरकाच्या साधारण ८० टक्के मजल मारतो. म्हणजे मे महिन्यात तो सुमारे २८ अंशांची हवा देईल, जूनमध्ये सुमारे ३२ अंशांची, आणि तीही दमट. बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

शरीराचा कूलर

उरलेले अर्धे उत्तर आपल्या कातडीत आहे. घाम येणे म्हणजे थंड होणे नव्हे. घाम वाळणे म्हणजे थंड होणे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम नुसता ओघळून गेला, तर पाणी आणि मीठ वाया जाते आणि उष्णता शरीरातच राहते.

कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. ओल्या फुग्याचे तापमान तेथवर पोचले, तर सावलीत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसाचेही शरीर तापत जाईल, असे गणित सांगते. प्रत्यक्षात मर्यादा याहून खाली आहे. तरुण व निरोगी व्यक्तींवर अमेरिकेत केलेले प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हलकी हालचाल करणाऱ्यांसाठी दमट हवेत ही मर्यादा ३० ते ३१ अंशांच्या आसपास आढळली. आपल्या जूनच्या वर्गाचा आकडा याच्याजवळ पोचतो!

याचा अर्थ कोरडे ४५ अंश निर्धोक असतात, असा मात्र नाही. तेव्हा हवाच शरीराला तापवते आणि घाम इतक्या वेगाने उडतो की पाणी कमी पडल्याचे कळतही नाही. शत्रू दोन आहेत, आणि दोघांची चाल वेगळी आहे.

शहराची रात्र

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा हवा असतो. येथे शहर आडवे येते. सिमेंट, डांबर आणि विटा दिवसा उष्णता साठवतात व रात्री हळूहळू सोडतात. उंच इमारतींमुळे आकाशाकडे जाणारे विकिरण अडते. वातानुकूलन यंत्रे घरातली उष्णता गल्लीत टाकतात. झाडे कमी असतील तर दिवसाची सावलीही नाही. पत्र्याच्या छताखाली राहणाऱ्या मजुराला याचा सर्वाधिक त्रास होतो.

आराखडे काय करतात?

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ मध्ये तेथे उष्णता कृती आराखडा आला. आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पिण्याच्या पाण्याची सोय आणि छतांना पांढरा लेप अशी ही साधी कामे आहेत. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश अनुभवलेल्या नागपूरनेही २०१६ मध्ये असा आराखडा हाती घेतला. विदर्भातील शाळा उशिरा उघडतात, हेही जुळवून घेणेच आहे. २०२५ मध्ये उर्वरित महाराष्ट्रात शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात २३ जूनला.

पण अशा आराखड्यांतील इशारे प्रामुख्याने दिवसाच्या कमाल तापमानावर बेतलेले असतात. कमाल तापमान उतरले की आपण निर्धास्त होतो. पाऊस लांबला, तर शाळा उघडण्याचा आठवडा नेमका दमट उष्म्याचा असतो. भारतीय हवामानशास्त्र विभाग २०२३ पासून आर्द्रता जमेस धरणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देऊ लागला. उष्ण रात्रींसाठीही त्याचे निकष आहेत. कमाल तापमान, आर्द्रता आणि रात्र अशा तिन्ही आकड्यांवर शहरांची कामे ठरायला हवीत. दमट दिवसांत कूलर वाटून उपयोग नाही. तेव्हा वारा खेळता ठेवणे, सावली, पाणी आणि श्रमाच्या वेळा बदलणे हेच कामी येते.

वर्गात करून पाहा

सारख्या दोन तापमापी घ्या. एकीच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा, पुठ्ठ्याने वारा घाला आणि पारा स्थिरावल्यावर दोन्हींची नोंद करा. कडुनिंबाखाली, सिमेंटच्या अंगणात सावली धरून आणि पत्र्याच्या खोलीत अशा तीन जागी, सकाळी व दुपारी मोजा. रात्री नऊची नोंद मुलांना घरी घेऊ द्या. तापमापी उन्हात धरू नका, नाहीतर ती हवेचे नव्हे, स्वतःचेच तापमान सांगेल. उपकरणावर आंधळा विश्वासही नको. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान विभागाने नंतर सांगितले.

मार्च ते जुलै या नोंदी ठेवल्या, तर आपल्या गावात कोणती जागा, कोणती वेळ आणि कोणता आठवडा धोक्याचा, हे मुलेच सांगतील. कवायत कधी बंद ठेवायची आणि वर्ग कोणत्या झाडाखाली न्यायचा, हे त्या वहीवरून ठरवता येईल. शाळेपुरता आराखडा याहून वेगळा नसतो.